पेर

कडोलीची शाळा. वर्गाला लागूनच पिठाची गिरणी.
फळ्यावर एक शब्द लिहायला घेतला,
तो चौकटीला जाऊन टेकला:
इनडिव्हिजिबिलिटी.

टाळीनं तोडा, म्हटलं.
इन. डि. व्हि. जि. बि. लि. टी.
सात टाळ्या,
आठवी गिरणीच्या पट्ट्यानं वाजवली.

आता अर्थानं.
भरमाच्या बाहीला अजून पाचट चिकटलेलं.
"सर, ऊस पेरावर मोडायचा की.
मधेच मोडला तर नुसता चोथा."

मग 'इन', म्हणजे नाही.
पुढचं त्याला भागाकारातून ठाऊक.
'इबल' म्हणजे जोगं.
'टी' म्हणजे चहा, कुणीतरी म्हणालं,
आणि माझा तास पाच मिनिटं खिदळत राहिला.
नाही रे, इटी. आपलं 'पण'.
येडेपणातलं.

मराठीत? अविभाज्यता.
पलीकडच्या कन्नड वर्गातून
डस्टर मागायला आलेली शिवलीला
दारातच थबकली:
"आमच्यात अविभाज्यते, सर."

दोन्ही लिहिले, एकाखाली एक.
वरच्याला शेवटी काना,
खालच्याला मात्रा.
बाकी पेरं तीच.

डस्टर ती घेऊन गेली.
शाळा सुटेपर्यंत
आणून द्यायचं तिला सुचलं नाही,
मागायचं मला.