कावळ्याचं वजन

पहाटे तीन वाजून सोळा मिनिटांनी
किनाऱ्याची पहिली लाइन गेली, तिच्यासोबत दुसरी,
आणि अकरा सेकंदांनी डोंगराकडची.
रास अल-खैमात ऑगस्टमध्ये एसी थांबला
की लोक आधी गप्प होतात
मग खाली उतरून गाड्यांत बसतात, इंजिन चालू ठेवून.
कंट्रोल रूमच्या खिडकीतून मी ते हेडलाइट मोजत होतो.
दुसरं काही मोजण्यासारखं उरलं नव्हतं.

सकाळी एकच प्रश्न आला :
तीन बिघाड, की एकाच बिघाडाची तीन तोंडं?
मी खल्फानला आमची म्हण सांगितली,
कावळा बसायला आणि फांदी तुटायला.
त्याने ती नीट ऐकली, चहा ढवळला
आणि विचारलं, "कावळ्याचं वजन किती होतं?"
मग म्हणाला, "इथले कावळेही तुमच्याकडचेच,
जहाजावर बसून आलेले."

सत्तेचाळीस नंबरचा टॉवर.
नऊ दिवस शमाल वाहिला, धूळ बसली,
दहाव्या रात्री वारा पडला आणि समुद्र
दबक्या पावलांनी वर आला, दव होऊन.
बिजूमोनने चिनी मातीच्या चकतीवर बोट फिरवलं,
जिभेला लावलं.
"मीठ," म्हणाला. प्रयोगशाळेने तेच कळवलं, आठवड्याने.
चकत्यांवरून खालपर्यंत एक करपलेली वाट.
धुण्याची गाडी जूनमध्ये यायची होती.
जूनमध्ये ती दुसरीकडे होती.

त्याच टॉवरच्या दुसऱ्या हातावर दुसरी लाइन.
तेच मीठ, तेच दव.
दोघींपैकी आधी कोण गेली?
नोंद म्हणाली, दुसरी.
तीन दिवस मी अहवाल उलटा लिहिला,
बाण उलटे, दोष उलटा,
आणि सगळं इतकं सुसंगत वाटत होतं
की मला झोपही लागली.
चौथ्या दिवशी छपरावर चढलो. अँटेनाची केबल
उन्हाने तडकलेली. किती महिने ते घड्याळ
उपग्रहाला न विचारता आपलीच वेळ सांगत होतं,
चाळीस मिलिसेकंद मागे.
पापणी लवायलाही याहून जास्त लागतात.
एवढ्याने कारणाचा परिणाम होतो
आणि परिणामाचं कारण.

राहिली डोंगराकडची.
तिला काहीच झालं नव्हतं. स्वच्छ चकत्या,
ना मीठ, ना पक्षी, ना पतंगाचा दोरा.
दोघींचा भार तिच्यावर आला, ती वाकली, पण धरून होती.
सोडलं ते रिलेने.
त्याला दुरून एवढंच दिसलं की काहीतरी जड आहे,
आणि ओझ्याला तो दोष समजला.

सेटिंगचा कागद काढला. पिवळा पडलेला,
कोपऱ्यावर चहाचा डाग, तिसऱ्या झोनचा आकडा,
खाली सही : शि. ग. तिरोडकर.
अकरा वर्षांपूर्वीची माझी सही, जरा जास्तच वळणदार.
तेव्हा तो आकडा बरोबर होता. हे मी
खल्फानला दोनदा सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली.
तेव्हा इथे तो मॉल नव्हता, ना ते बर्फाचं कोठार,
ना कामगारांच्या त्या सहा इमारती.
शहर वाढत गेलं आणि माझा आकडा
फाइलीत बसून राहिला, बरोबर असल्याच्या समाधानात.

फॉर्मवर एकच चौकोन आहे, मूळ कारण,
बोटभर रुंद.
त्यात मीठ मावतं. जून मावतो, ओढूनताणून.
घड्याळ लिहिलं तर सही बाहेर राहते.
मी मार्जिनमध्ये लिहायला लागलो, मग पाठीमागे,
मग कोरा कागद जोडला.

आज धुण्याची गाडी आली. बिजूमोन फवारा धरून
टॉवरखाली उभा आहे, मान वर करून,
आणि खारं पाणी त्याच्या हेल्मेटवरून टपकतंय.
मी डोंगराकडच्या सबस्टेशनला निघालोय, आकडा बदलायला.
खाली सही करीन, तारीख टाकीन,
आणि यावेळी एक ओळ जास्त :
हे कधीपर्यंत बरोबर आहे, कुणीतरी विचारत राहा.

कुंपणावर एक कावळा आहे.
मी जवळून गेलो तरी उडत नाही.