टोपली

हर्णैच्या बंदरात संध्याकाळी लिलाव बसतो.
ओल्या वाळूत सुरमईचा ढीग, भोवती बायकांचं रिंगण
आणि एकच कायदा:
जिची बोली शेवटची, तिनं टोपली उचलायची.
नुसतं ओरडून भाव चढवणारीला
माझी सासू, जनाबाय,
कोपरानं रिंगणाबाहेर काढायची.

मी बर्फाच्या कारखान्यात वह्या लिहितो.
दापोलीचा उन्मेष बिवलकर आला,
एसटी स्टँडच्या मागे ऑफिस आहे त्याचं.
म्हणाला, सही द्या, खातं मी चालवतो,
महिन्याला चार हजार.
माझी सही. बायकोची. टेम्पोवाल्या दाऊदची.
तुक्या चोगल्याचीही. तो श्रावणात वारला,
त्याचं खातं दसऱ्याला खरेदी करत होतं.

कंपनीचं नाव सागरतारा कोल्ड चेन.
लोट्याला एक गेट आहे तिचं. गेटाआत गवत.

सकाळी मी दाऊदला विकले, अकरा रुपयांना.
दाऊदनं तुक्याला, साडेबाराला.
तुक्यानं माझ्या बायकोला, चौदाला
(ती तेव्हा दांडीवर बोंबील घालत होती).
तिनं मला.
एकच मासळी चार टोपल्यांतून फिरली
आणि पडद्यावर हिरवं उठलं:
आजची उलाढाल नऊ लाख शेअर्स.
वारा नाही, चंद्र नाही,
तरी भरती.

हाताळून हाताळून मासळी मऊ पडते.
हे निदान बर्फवाल्याला तरी कळायला हवं होतं.

भाव एक्केचाळीसवर गेला तेव्हा
पहिलं खरं गिऱ्हाईक आलं:
आड्याचा निवास.
होडीच्या इंजिनासाठी साठवलेले
एक लाख ऐंशी हजार.
मला विचारलंनसुद्धा, घेऊ काय?
मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, मी वह्या लिहितो.
खोटं नव्हतं ते.
खरंही नव्हतं.

त्यानं टोपली उचललीन.

दुसऱ्या दिवसापासून रिंगण रिकामं.
रोज लोअर सर्किट, रोज तो विकायला उभा,
समोर बोली नाही.

मग टपालानं माझ्या नावाचा कागद आला.
त्याच तारखेला, दहा चाळीसला, माझ्या खात्यातून
चार हजार तीनशे नव्वद शेअर्स, एक्केचाळीसच्या भावानं.
बायकोनं विचारलं, किती वजन होतं रे टोपलीला?

निवास अजून पहाटे बर्फाला येतो,
दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून.
मी लादी फोडतो, दोन घमेली जास्त टाकतो,
वहीत लिहीत नाही.
तो जेटीपर्यंत जाईस्तोवर
त्यातलं एक घमेलं पाणी झालेलं असतं.