गाजरगवत

दाढेसाठी सात दिवस गोळ्या.
दाढ गप्प झाली, मग पोट
दिवसातून अकरा वेळा बोलू लागलं.

डॉक्टर टिपरे म्हणाल्या,
तपोवनातलं मैदान बघितलंय ना,
साधूंचे तंबू उठल्यावर?
मोकळ्या जागेत आधी गाजरगवतच माजतं.
तुमच्या आतड्यात तेच झालंय.

आता वेगळ्या गोळ्या, मऊ भात, मीठ-साखरेचं पाणी.
सॅनिटायझरला हा जंतू दाद देत नाही,
म्हणून साबण, ब्लीच.
हेमलता कडी पुसते, नळ पुसते.
मला पुसत नाही, "किती वेळा?"
कॅलेंडरवरच्या माझ्या रेघा
गुपचूप मोजते.

काल आनंदवलीहून सोमेश्वरपर्यंत चाललो.
वाटेत मिसळीचा वास,
आणि पुलापाशी लक्षात आलं,
बराच वेळ झाला,
मी संडास शोधला नव्हता.