दोन तराजू

आमच्यात वारसा बापाचा नसतो, मामाचा असतो.
बोआहेनमामा गेला तेव्हा त्याच्या मुलांनी रेडिओ नेला,
छत्री नेली, आणि माझ्याकडे ही पेटी सरकवली.

पितळी तराजू, तळहातात मावेल एवढा.
सोन्याची धूळ गोळा करायला एक पीस.
कसाचा दगड, घासून घासून मधे खोलगट झालेला.
आणि वजनं:
मान वळवून मागे बघणारा पक्षी,
एका पोटाच्या दोन मगरी,
भुईमुगाची शेंग, मासा,
कंबरेवर हात ठेवून कुणाशीतरी भांडणारी बाई.
तळाशी पुरचुंडीत सात गुंजा, काळ्या डोळ्यांच्या.
गुंज विषारी. म्हणूनच ती वजनाला बरी, मामा म्हणे,
उंदीरसुद्धा कुरतडून फसवत नाही.

जुन्या काळी, तो सांगायचा,
विकणाऱ्याकडे स्वतःची वजनं, घेणाऱ्याकडे स्वतःची.
दोघांचे पक्षी सारखे कधीच नसत.
तुझं सोनं माझ्या तराजूत शेंगेएवढं,
तुझ्या तराजूत मगरीएवढं.
मग बोलणं सुरू.
ताडीचा घोट. तुझी बहीण बरी आहे ना?
गेल्या खेपेला मला मामा बनवलंस, विसरलो नाही मी.
ऊन उतरेपर्यंत दोन्ही काटे आपापल्या जागी हट्टाने उभे,
आणि मधल्या हवेत कुठेतरी
किंमत जमत जायची, दुधावर साय धरते तशी.
सोन्यात नव्हती रे ती, मामा म्हणायचा.
सोनं चावून बघ. दात जाईल, भूक जाणार नाही.

आज डंक्वात माझं पत्र्याचं दुकान आहे.
काउंटरवर चिनी डिजिटल काटा,
मोबाइलवर लंडनचा भाव,
पापणी लवावी तसा मिनिटामिनिटाला लवतो.
ओफिनच्या काठावरून माणसं येतात, मांडीपर्यंत चिखल.
कुणी काही बोलत नाही. आकडा बोलतो.
नोटा मोजल्या, की पुढचा.
नदी दुधाळ चहासारखी झालीय.
पाणी आम्ही प्लास्टिकच्या पिशवीतलं विकत पितो.
मामाच्या पेटीत एक मासा आहे.
नदीत आता नाही.

कोनादू गुरुवारी आली.
गुरुवारी जमिनीला फावडं लावायचं नाही, हा आमचा नेम,
पण नेमाला आता कोण विचारतो.
फडक्याची गाठ दातांनी सोडली,
आत चण्याच्या डाळीएवढं पिवळं.
मी काट्यावर ठेवलं, आकडा वाचला.
ती हलली नाही.
म्हणाली, हा काटा तुझा.
तो फोन तुझा.
मग माझं काय आहे इथे?

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात.
माझे चिखलाच्या हातांनी टोचले.

का कोण जाणे, मी पेटी काढली.
पीस बाजूला ठेवलं, तराजू तिच्या हातात दिला.
तिने दोर चिमटीत धरला, जणू रोजचंच आहे,
एका पारड्यात आपली डाळ,
दुसऱ्यात गुंज, मग दुसरी, मग तिसरी,
मग चौथी ठेवून परत काढली.
साडेतीन, म्हणाली.
अर्धी कुठून आणलीस, मी विचारलं.
डोळ्यातून, म्हणाली.

मी एक गुंज उचलून माझ्या काट्यावर टाकली.
शून्य.
मग शून्य पॉइंट एक.
मग परत शून्य.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
एवढं महाग यंत्र,
एका बीसमोर त्याचं काही ठरेना.

तेवढ्यात फोनवर भाव लवला, वर गेला की खाली
ते मी पाहिलं नाही.
मागे रांगेतला कुणीतरी खाकरला.
कोनादूने स्टूल पुढे ओढलं, बसली,
पदराने मानेवरचा घाम पुसला,
आणि म्हणाली,
तुझी आई बरी आहे ना?