शेरा

घणसोलीच्या धारण तलावावर, पंपघरात,
एक रजिस्टर आहे.
तारीख, भरतीची वेळ, पाण्याची उंची, पंप चालू, पंप बंद,
आणि शेवटी दोन बोटं रुंदीचा रकाना : शेरा.
चौदा वर्षांत मी त्यात 'निरंक' सोडून
फारसं काही लिहिलेलं नाही.

तलाव व्हायच्या आधी हे आमचं खाजण.
अर्धं भाताचं, अर्धं खाडीचं,
कुणाचा वाटा किती ते चंद्र ठरवायचा.
बांधाला उघाडी, तिला लाकडी झडप,
ओहोटीला उघडायची, भरतीला आपणहून मिटायची.
उधाणाच्या रात्री बा तिथंच पडायचा,
कान झडपेला लावून.
"पानी ढकलाचा नाय," म्हणायचा,
"त्याला बसाला जागा देवाची."

आता झडप लोखंडी. बा नाही.
मी आहे, दोन पंप आहेत, त्यातला एक खोकतो.

परवा फाईल आली.
तलावात गाळ साचलाय. खरंच साचलाय,
मी स्वतः बांबू घालून मोजलाय, छातीएवढा.
गाळावर तिवरं उगवलीत.
कंत्राटदाराच्या कागदावर त्यांचं नाव 'अडथळा'.
नेवासकर मॅडम म्हणाल्या, बाहेरची हवीत हो,
लाटा तीच अडवतात, आतली तेवढी नकोत.
त्यांचंही चुकत नाही.
पण तिवराला आत-बाहेर कोण सांगणार?
बी येतं तरंगत, झडपेच्या फटीतून,
चिखल दिसला की उभं राहतं.
आमची माणसंही अशीच आली असतील,
कुठून, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

काल रात्री भरती एक बावीसची, चार मीटर ऐंशी.
पारसिकच्या डोंगरावरून नाला उतावळा.
खोकणारा पंप खोकला आणि बसला.
झडप खाडीनं बाहेरून दाबून धरलेली.
मी काठावर, डोक्यात तळमजल्यांची यादी :
मोहिद्दीनची गिरणी, ताम्हाणेबाईंचं पाळणाघर,
ते नवीन दुकान, ज्याला अजून पाटीही नाही.
टॉर्च मारला.
बांधापलीकडे लाटा तिवरांत शिरत होत्या
आणि बाजारात ओळखीचं कुणी भेटावं
तशा रेंगाळत होत्या.
बांधाला लागला तो नुसता फेस.
आत, मुळांच्या खुंट्यांमध्ये,
एक निवटा वर सरकत होता, पाण्याच्या पुढे दोन बोटं.
मग तो सरकायचा थांबला.
मी बराच वेळ त्याच्यावर टॉर्च धरून होतो.

थांबलं म्हणजे जिंकलो, असं नाही.
गाळ नसता तर हातभर आणखी मावलं असतं.
तिवरं नसती तर...
ते मोजायचा बांबू माझ्याकडे नाही.
साडेतीनला खाडीनं हात काढला. झडप कण्हली.

सकाळी रजिस्टर उघडलं.
'निरंक' लिहिलं. खोडलं.
आणि पहिल्यांदाच रकान्याबाहेर गेलो :
"आतलं किती काढायचं, ते माझ्याबरोबर
चिखलात उतरून ठरवावं.
गमबूट दोन जोड आहेत.
बाहेरच्या झाडांना हात लावू नये.
रात्री पाण्याला बसायला जागा होती."

मॅडमनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल केलाय.
अजून कुणी आलेलं नाही.
गमबूट मी दाराशी काढून ठेवलेत.
डाव्यात
एक चिंबोरीचं पिल्लू राहायला आलंय.