दिवसाची शिवण

किल्ली माझ्याकडे असते. वीतभर, लोखंडी.
डावीकडे अर्धा फेरा, मग दाराला खांदा, मग उजवीकडे.
नवे नगराध्यक्ष दोनदा झटले
आणि दोन्ही वेळा शेवटी म्हणाले, नेव्हियोला बोलवा.

आत जुना गूढ अंधार वगैरे नाही,
रोमहून बसने येणाऱ्यांना वाटतो तसा.
मेणाचा वास, घडीच्या खुर्च्या, खरखरणारा माइक
आणि चारही भिंतींवर एक गाव,
आमचंच, पण धुतलेलं:
गाढवावर जैतुनाच्या गोणी, छपरावर कौलं शाकारणारे,
आणि न्यायदेवता, जिच्या तराजूचं एक पारडं
ओल खाऊन गेली.
इथे एकाच बाजूनं तोलतात, असं मी
शाळेच्या सहलींना सांगतो. मास्तर हसतात. पोरं नाही.

मार्चपासून परांचीवर एर्सिलिया आहे.
काडीला कापूस गुंडाळते, जिभेवर भिजवते
आणि एका लोहाराचा गाल पुसते.
थुंकीनं?
थुंकीनंच. याहून मऊ काही मिळत नाही.
चर्चच्या पायरीवर आई माझं तोंड पुसायची,
तेव्हा मी किती ओरडायचो.

गुरुवारी तिनं मला वर बोलावलं.
बावीस पायऱ्या, आणि माझे हे गुडघे.
टॉर्च भिंतीला लावून आडवा धरला तिनं
तशी सपाट भिंत अंगावर शहारे आल्यासारखी उठली.
ओला गिलावा सुकायच्या आत रंगवायचा,
म्हणून दिवसाला पुरेल एवढाच लावायचा.
ही बघ शिवण, म्हणाली. इथे संध्याकाळ झाली.

शिवण एका पाववालीच्या बोटांवरून जाते.
हात आदल्या दिवसाचा,
पाव दुसऱ्या दिवसाचा.
म्हणजे मधली एक रात्र
तो हात नुसताच पुढे केलेला होता.

त्या रात्रीही कुणीतरी दार लावलं असेल.
दिवा उंच करून बघितलं असेल,
ही देतेय की मागतेय,
आणि न कळताच घरी गेला असेल, जेवायला.

सोमवारी सभा. पार्किंग, कुत्र्यांची घाण, नळपट्टी.
पाणी तोडलेली लेओनिल्दा शेवटच्या खुर्चीवरून
हात वर करून बसली होती.
साडेआठला उरलेले विषय पुढच्या सोमवारी ढकलले.
खुर्च्या मी मिटत गेलो,
तिची सोडून.
मग दिवे. मग म्हटलं, बाई, चला आता.
डावीकडे. खांदा. उजवीकडे.