मीठ मागायला

रात्री तीनला घंटी वाजते.
घंटी म्हणजे चड्डीला चिमट्यानं लावलेली
काडेपेटीएवढी डबी,
पहिल्या थेंबाला किंचाळणारी.
मी उठतो, बायको उठते,
वरच्या मजल्यावरचं कुत्रं उठतं.
गारम झोपलेलाच.

गारम म्हणजे आमच्या जुन्या बोलीत नदी.
नाव मीच ठेवलं,
त्याला कुणी बोल लावू नये.

मी त्याला खांद्याला धरून बसवतो,
डोळे न उघडता तो हात वर करतो,
सदरा निघतो. अकरा वर्षांचा झालाय,
उंचीनं आईला गाठलंय,
आणि या घटकेला दोन वर्षांचा.
गादी उलटी करतो. खालची फरशी उबदार आहे,
सकाळपर्यंत सुकेल. वास राहील थोडा.
वासाबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

मोक्पोच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
संगणकावरून मान न काढता विचारलं,
घरात आणखी कुणाला होतं का हे, लहानपणी?
भिंतीवर मूत्रपिंडांचं चित्र होतं,
राजम्याच्या दोन मोठ्या दाण्यांसारखं.
मी त्या दाण्यांकडे बघत राहिलो.
बायको "नाही" म्हणायच्या बेतात होती,
तिला ठाऊकच नव्हतं,
चौदा वर्षं संसार करून.
"मला," मी म्हणालो. "तेराव्या वर्षापर्यंत."
खुर्चीखाली गारमचे बूट हलत होते,
ते थांबले.

त्या रात्री अंधारात त्यानं विचारलं,
मग तुमचे बाबा काय करायचे?

काय करायचे.
डोक्यावर सूप पालथं घालायचे माझ्या,
हातात वाडगा द्यायचे,
आणि धाडायचे शेजारी, मीठ मागायला.
सूप घातलेलं पोर दारात दिसलं
की सगळ्या गावाला कळायचं काय झालंय ते.
बाया उलथन्यानं सुपावर थापट्या मारायच्या
आणि हसत हसत चिमूटभर मीठ घालायच्या.
सूप वाजलं म्हणजे खेळ संपला म्हणतात.
माझं सूप दर दोन दिवसांनी वाजायचं.

आणि बेट आमचं मिठागरांचं, गारम.
आमच्या परसात माझ्या कमरेएवढा
मिठाचा ढीग होता ताडपत्रीखाली.
मी त्याच्याच शेजारून जायचो, रिकामा वाडगा घेऊन.

तो हसला नाही. म्हणाला, मग मिळायचं?

मिळायचं. एकदा गोप्दानकाकूंच्या दारात
उलथनं उगारलेलंच नाही कुणी.
त्यांनी माझ्या डोक्यावरचं सूप काढून
पायरीवर ठेवलं, त्यात उकडलेलं रताळं ठेवलं,
आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,
आमचा थोरला, बोटीवर तांडेल आहे ना,
तो लग्न ठरेपर्यंत.
कुणाला सांगू नकोस.

सांगितलं नाही मी. आजवर नाही.

बराच वेळ तो गप्प होता.
झोपला असं वाटून उठलो तर म्हणाला,
सहलीला दोन रात्री आहेत, बाबा.
मला माहीत होतं. फॉर्म फ्रिजवर चिकटवलेला,
सहीची जागा कोरी.
डॉक्टरीणबाईंनी गोळी दिलीये खास तेवढ्यासाठी,
मास्तरांना मी एकट्यानं भेटून येईन,
शिवाय काळी पिशवी, जादा पायजमा.
हे सगळं मी भरभर बोलून टाकलं.
तो म्हणाला, बघू.

सकाळी स्वयंपाकघरात आला,
ओले केस, कोरडा सदरा,
भाताचं भांडं डोक्यावर पालथं,
हातात वाटी. दारातच उभा राहिला.
"थोडं मीठ मिळेल का?"

माझ्या हातून बरणीचं झाकण उघडेना.
बायको माझ्याकडे पाठ करून अंडी परतत होती.
तिनं वळून
एक शब्द न विचारता
त्याच्या वाटीत रताळं ठेवलं.
म्हणजे भिंतीपलीकडे ती जागी होती.

मग उलथन्यानं भांड्यावर टिचकी मारली,
इतकी हलकी, की वाजलीच नाही.

त्या रात्रीही घंटी वाजली.
कुत्रं भुंकलं. मी उठून बसलो,
आणि शेजारच्या खोलीत
कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला,
चादरींचा, खालचा.